रोहिणी ते आर्द्रा: इंदूरच्या अंगणातल्या सुगंधी झाडांचं उन्हाळाअखेरचं काम

25 मेच्या सुमारास रोहिणी लागते आणि इंदुरात नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. 7-8 जूनला मृग, 21-22 जूनला आर्द्रा. सुगंधी झाडं लावणाऱ्यासाठी हे चार आठवडे वर्षात सगळ्यात मोलाचे. मोगऱ्याचा मोठा बहर ओसरत आलेला असतो, भुईचाफा फुलून मोकळा झालेला असतो, सोनटक्का आणि निशिगंध अजून फुलायचे असतात आणि पाऊस दाराशी आलेला असतो. वर्षभरात काय चुकलं ते आत्ता झाडावर दिसतं, आणि ते सुधारायलाही आत्ताच वेळ असतो.

झाड वाळलं की दोष उन्हाला जातो. इंदूरचं ऊन 42 अंशांच्याही वर जातं हे खरं, पण मोगरा, रातराणी, मधुमालती यांना ते सोसतं. माळव्यात सुगंधी झाडं मरतात ती बहुधा खालून: चिकण काळ्या मातीमुळे आणि बोरिंगच्या जड पाण्यामुळे. म्हणून पाहणी फुलांपासून सुरू न करता मुळांपासून करायची.

माती आणि पाणी

माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मे महिन्यात या भेगा बारीक मुळं तोडतात आणि जुलैत तीच माती मुळांना हवा मिळू देत नाही. शिवाय तिच्यात चुना असतो. सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5, त्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही.

जमिनीत लावायचं असेल तर आधी निचरा तपासा. 30 सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते मोजा. अडीच सेंमीपेक्षा कमी उतरली तर तिथे सोनचाफा किंवा मोगरा थेट लावू नका. तेवढ्या जागी 30 सेंमी उंचीचा विटांचा ओटा करून त्यात मिश्रण भरा. खड्ड्याच्या तळाशी गिट्टी टाकून हा प्रश्न सुटत नाही. भोवतीची काळी माती पाणी सोडत नसेल तर गिट्टीतही पाणीच साचतं.

कुंडीसाठी मिश्रण: नर्सरीत मिळणारी पिवळी माती 2 भाग, जाडसर रेती 1 भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट 1 भाग, आणि काळी माती फार तर अर्धा भाग. 12 इंची कुंडीला साधारण 15 लिटर मिश्रण लागतं. त्यात 50 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. शेणखत हातात चुरून वास घ्या. शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, त्याच्या उष्णतेने मुळं भाजतात.

पाण्याची खूण कुंडीच्या कडेवर असते. पांढरा पापुद्रा धरला असेल तर पाणी जड आहे. नर्मदेचं नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून घातलं की बहुतेक झाडांना चालतं. फक्त बोरिंगच असेल तर 10 लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम, लिंबूसत (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून आठवड्यातून एकदा द्या. हा उपाय अनंतासारख्या हट्टी झाडांसाठी आहे. मोगऱ्याला महिन्यातून एकदा पुरतो, मधुमालतीला तर लागतच नाही.

नवतप्याचे नऊ दिवस

या दिवसांत खत नाही, छाटणी नाही, कुंडीबदल नाही. तापलेल्या मातीत खताचं मीठ मुळांतलं पाणी ओढून घेतं आणि पानांच्या कडा करपतात. छाटलं तर झाड कोवळी फूट काढतं आणि ती दुसऱ्या दुपारी काळी पडते.

पाणी सकाळी 7 च्या आत द्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला थेट ऊन लागत असेल तर ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत उतरवा आणि मधल्या फटीत वाळली पानं किंवा नारळाचा काथ्या कोंबा. प्लास्टिकच्या भिंतीला चिकटलेली मुळं उन्हाने आधी मरतात, आणि पाणी घालूनही झाड कोमेजलेलंच दिसतं. मातीवर 5 सेंमी जाडीचं वाळल्या पानांचं आच्छादन घाला, फक्त खोडाला दोन बोटं जागा मोकळी सोडा.

एक फसवणूक नेहमी होते. पाणी घातलं की लगेच तळाच्या भोकातून वाहून येतं, म्हणून वाटतं की भरपूर झालं. खरं तर माती आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटलेली असते आणि पाणी त्या फटीतून निघून जातं. आतला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी टबात ठेवून कडेपर्यंत पाणी भरा. मातीतून बुडबुडे येतील. ते थांबले की बाहेर काढा, निथळू द्या आणि फटीत माती दाबून भरा. मोठी कुंडी उचलता येत नसेल तर कोरड्या मातीत पेन्सिलीने चार-पाच भोकं पाडून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा थोडं थोडं पाणी द्या.

मोगरा: कळी उघडून बघा

बटमोगरा, मदनबाण आणि साधा एकेरी मोगरा, तिघांची तब्येत सारखी. रोज किमान 6 तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी मिळालं तर लांबच लांब वेलासारख्या फांद्या येतात आणि फूल येत नाही. अशा झाडाला खत वाढवणं ही उलटी दिशा आहे. आधी जागा बदला.

मेच्या शेवटी कळ्या गळत असतील तर गळलेल्या चार कळ्या तळहातावर घ्या. कळी जांभळट-गुलाबी, खुरटी आणि बुडाशी सुजलेली दिसली तर नखाने उभी चिरा. आत अगदी बारीक पांढरट अळ्या वळवळताना दिसतील. ही कळीमाशी. कळीला स्वच्छ गोल भोक आणि आत एकच हिरवट अळी असेल तर ती कळी पोखरणारी अळी. आत काहीच नसेल आणि कळी नुसती पिवळी पडून गळली असेल तर पाण्याची अनियमितता. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की कळी गळते.

कीड असेल तर झाडावरच्या आणि खाली पडलेल्या खराब कळ्या रोज संध्याकाळी वेचा, पिशवीत बंद करून उन्हात ठेवा. कंपोस्टमध्ये टाकू नका. कळीमाशीची अळी मातीत उतरून कोष करते, म्हणून वरची 2-3 सेंमी माती खुरपीने हलवा आणि 50 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. संध्याकाळी 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली पातळ साबण घालून फवारा, दर सात दिवसांनी तीनदा. कळी पोखरणाऱ्या अळीवरही हाच फवारा चालतो, पण वेचणी जास्त कामाची.

पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खालच्या बाजूला जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या उष्णतेत तो झपाट्याने वाढतो. सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारा, चार-पाच दिवस सलग. गंधक या दिवसांत वापरू नका. 35 अंशांच्या वर ते पानं जाळतं.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता आहे. जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्राची. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम, वर लिंबाचे थोडे थेंब, आणि ढगाळ संध्याकाळी पानांवर फवारा. कडक उन्हाळा असेल तर 2-3 ग्रॅमवरच थांबा. हिराकस मातीत घालून फारसा उपयोग नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत ते लगेच अडकून बसतं.

छाटणीसाठी मृगाची वाट बघा. पहिली चांगली सर येऊन हवा निवली की फुलून गेलेली प्रत्येक फांदी टोकाकडून दोन-तीन पेरं कापा. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे चार-सहा आठवड्यांत पावसाळी बहर धरतो. निम्म्यापर्यंतची मोठी छाटणी आत्ता करू नका. तिची वेळ जानेवारीचा शेवट. छाटणीनंतर आठ दिवसांनी मोहरीची पेंड द्या: 100 ग्रॅम पेंड 1 लिटर पाण्यात चार दिवस भिजवा, त्यात दहापट पाणी मिसळा, प्रत्येक कुंडीला 1 लिटर.

गजऱ्यासाठी पूर्ण टपोरी झालेली, पांढरी पण मिटलेली कळी दुपारी 4 च्या सुमारास खुडा आणि ओल्या सुती फडक्यात ठेवा. रात्री आठ-नऊला उमलते आणि सुगंध तेव्हाच सगळ्यात दाट असतो. उमललेलं फूल खुडलं तर निम्मा वास झाडावरच गेलेला असतो.

अनंत

इंदुरात अनंत लावणाऱ्याने पावसाचं पाणी साठवायची तयारी ठेवावी, नाहीतर हे झाड घेऊच नये. त्याला आंबट माती लागते, सामू 5 ते 6.5. काळ्या मातीत आणि बोरिंगच्या पाण्यावर ते दोन वर्षांत पिवळं पडून खंगतं. काळी माती पूर्ण टाळा: कोकोपीट 2 भाग, पिवळी माती 1 भाग, कुजलेला पालापाचोळा 1 भाग. सकाळचं ऊन, दुपारी सावली.

10 चौरस मीटर पत्र्यावर 10 मिमी पाऊस पडला तर 100 लिटर पाणी होतं, म्हणजे दोन चांगल्या सरींत 200 लिटरचा ड्रम भरतो. आत्ता पत्रा झाडून घ्या, पन्हाळ साफ करा आणि मोसमातल्या पहिल्या सरीचं पहिल्या पंधरा मिनिटांचं पाणी सोडून द्या. ड्रमच्या तोंडावर बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात. कळ्या धरलेल्या असताना अनंताची कुंडी हलवू नका आणि माती एकदाही पूर्ण कोरडी होऊ देऊ नका.

जमिनीखालची मंडळी

भुईचाफ्याची गंमत अशी की तो एप्रिल-मेमध्ये पानांशिवाय थेट मातीतून फुलतो. पांढरं-जांभळं फूल, मंद गोड वास, एक-दोन दिवसांत संपतं. पानं नंतर, पावसाबरोबर येतात: वरून रुपेरी नक्षी, खालून जांभळी. हिवाळ्यात पानं वाळली की लोक झाड मेलं समजून कुंडी रिकामी करतात. तसं करू नका, कुंडीवर नावाची चिठ्ठी खोचा. विभागणीची वेळ आत्ता, फुलं संपल्यावर आणि पानं येण्याआधी. कंद उकरा, प्रत्येक तुकड्याला एक डोळा आणि दोन-तीन अंडाकृती गाठी राहतील असे तोडा, कापलेल्या जागी राख लावा, एक दिवस सावलीत सुकवा आणि 4-5 सेंमी खोल लावा. जागा सावलीची. पानं वाळल्यापासून फूल येईपर्यंत पाणी जवळजवळ बंद. हिवाळ्यातलं पाणीच भुईचाफा कुजवतं.

सोनटक्का याच्या उलट, त्याला ओल प्रिय. दोन डोळ्यांचा कंदाचा तुकडा 14 इंची पसरट कुंडीत 3-4 सेंमी खोल लावा. ऑगस्ट ते ऑक्टोबर संध्याकाळी फुलतो. जुन्या वाड्यांत तो मोरीजवळ असायचा आणि ती जागा योग्यच, पण साबणाचं आणि फिनेलचं पाणी त्याच्याकडे जाऊ देऊ नका. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, बुडातून कापा.

निशिगंधाचे कंद निवडताना आकार बघा. दोन ते तीन सेंमी व्यासाचा टणक कंदच त्या वर्षी फुलतो. लहान कंद नुसती पानं देतो. 5-6 सेंमी खोल, 15 सेंमी अंतरावर, पूर्ण उन्हात लावा. जूनच्या सुरुवातीला लावला तर सप्टेंबरमध्ये दांडा येतो. वास हवा असेल तर एकेरी जात घ्या, शृंगार किंवा प्रज्वल. दुहेरी फूल फुलदाणीत शोभतं, पण वासात एकेरीला गाठत नाही. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं पुढे फुलतात. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उकरून मोठी पिल्लं वेगळी लावा.

ड्रममधला वाळा

माठात टाकायचा वाळा घरी होतो, आणि घरचा ताजा वाळा बाजारच्या जुन्या जुडीपेक्षा कितीतरी सरस असतो. अडचण एकच: मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि काळ्या मातीतून ती उपसणं अशक्य. उपाय असा.

200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या. वरचं झाकण कापून टाका, तळाला पंधरा-वीस भोकं पाडा. मग ड्रम उभा चिरून दोन अर्धगोल करा, पुन्हा जोडा आणि तीन ठिकाणी जाड तारेने आवळा. ड्रम विटांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका, नाहीतर मुळं भोकांतून खाली उतरतात. मिश्रण मोकळं हवं: रेती 3 भाग, पिवळी माती 1 भाग, कंपोस्ट 1 भाग. भरताना दर 20 सेंमीला पाणी मारून बसवा, नाहीतर पहिल्या पावसात सगळं खचतं. विणलेल्या गोणीतही वाळा लावता येतो, पण उन्हाने ती वर्षभरात फाटते आणि वाळ्याला त्याहून जास्त काळ लागतो.

वाळ्याचे फुटवे आर्द्रेत लावा. पानं 15-20 सेंमीवर आणि मुळं 5 सेंमीवर छाटा, एका ड्रममध्ये चार-पाच फुटवे, 7-8 सेंमी खोल. पूर्ण ऊन. पहिला महिना माती ओली ठेवा. पानं छातीएवढी झाली की वर्षातून दोनदा गुडघ्यापर्यंत कापा. ही पानं आच्छादनाला उत्तम.

काढणी दीड वर्ष उलटल्यावर. या जूनमध्ये लावलेला वाळा पुढच्या वर्षाची दिवाळी ओलांडून त्यानंतरच्या फेब्रुवारीत काढा, म्हणजे उन्हाळ्याला हाताशी येतो. घाई केली तर मुळं बारीक, फिकट आणि बिनवासाची मिळतात. तेल जाड, पिवळसर-तपकिरी, पक्क्या मुळात असतं. तार सोडा, ड्रमचे दोन भाग बाजूला करा, पाइपने माती धुऊन काढा. बुंध्याकडची 10 सेंमी मुळं राखून बाकी कापा आणि सावलीत चार दिवस वाळवा. बुंध्याचे फुटवे करून पुन्हा लावा. माठासाठी मूठभर, साधारण 20 ग्रॅम, मुळं मलमलच्या पुरचुंडीत बांधा. आठवड्याने बाहेर काढून कडक उन्हात वाळवा. दोन-तीनदा वापरून वास उतरला की ती खिडकीतल्या पडद्यावर शिंपडायच्या पाण्यात टाका.

बाकीचे, थोडक्यात

आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. घरच्या ब्रह्मकमळाला लहान कुंडी, भुसभुशीत मिश्रण आणि झाडाखालची सावली लागते. लोंबणारी कळी ज्या दिवशी आकड्यासारखी वर वळून टोकाशी सैल होते त्या रात्री ती आठ-नऊपासून उमलते आणि पहाटेपर्यंत मिटते. नवं झाड करताना 15 सेंमीचा पानासारखा तुकडा पाच दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मगच मातीत खोचा. लगेच लावला तर कुजतो.

कुंतीची, म्हणजे कामिनीची, छाटणी या दिवसांत अजिबात करू नका. कोरड्या दिवसांनंतर पहिला चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत ती एकदम पांढरी होते. फुलून गेल्यावर छाटा. लिंबाच्या झाडापासून ती लांब ठेवा, लिंबाला त्रास देणारा सायला कीटक तिच्यावरही वाढतो.

हिरवा चाफा विकत घेताना फुलाच्या देठाचा आकडा बघून खात्री करा. त्याच आकड्याने हा वेल चढतो. हिरवं फूल वास देत नाही, पिवळं पडू लागलं की पिकल्या फळासारखा घमघमतो. कुंडीत मन रमत नाही त्याचं. जमिनीत लावा आणि लोखंडी मांडव द्या. सोनचाफा मात्र कलमी घेतला तर 20 इंची कुंडीतही फुलतो. कलमाच्या सांध्याखालून आलेली फूट दिसेल तेव्हा खुडा, नाहीतर काही महिन्यांत खालचं रानटी झाडच वर चढतं.

अन्नपूर्णा, म्हणजे बासमतीच्या वासाचं पान, इंदुरात सहज होतं. भात शिजताना एका वाटी तांदळाला बोटभर लांब दोन तुकडे पुरतात. झाडावरच्या ताज्या पानाला फारसा वास नसतो, पान कोमेजलं किंवा शिजलं की येतो. बुडाशी आलेली हवाई मुळं असलेली पिल्लं जूनमध्ये वेगळी करा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ही कुंडी भिंतीच्या आडोशाला हवी.

मरव्याला पाऊस मानवत नाही. आर्द्रेआधी वळचणीखाली हलवा आणि तीन-चार टोकं वेगळ्या कुंडीत खोचून ठेवा.

कोणती कुंडी कुठे

मे-जूनमध्ये इंदुरात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो आणि माळव्यात रात्र लवकर निवते, त्यामुळे संध्याकाळी ओट्यावर बसणं होतं. मोगरा आणि निशिगंध ओट्याच्या पश्चिमेला, आठ-दहा फुटांवर ठेवा. रातराणी मात्र त्याहून दूर, आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून लांब. जवळून तिच्या वासाने पुष्कळांचं डोकं दुखतं. तिची पांढरी फळं विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर फुलं सुकताच झुबके कापून टाका. घंटाधोतरा तर पानापासून बीपर्यंत विषारी, मुलांच्या घरात तो नको.

दाब कलम

आर्द्रेतलं शेवटचं काम मोगऱ्याच्या दाब कलमांचं. जमिनीलगतची, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. टोकापासून हातभर अंतरावर, पेराच्या खाली, 3 सेंमी लांबीचा तिरका काप अर्ध्या जाडीपर्यंत द्या आणि कापात काडेपेटीची काडी अडकवा, म्हणजे जखम मिटणार नाही. तो भाग शेजारच्या लहान कुंडीत 8 सेंमी खोल दाबा, वर वीट ठेवा, टोक बाहेर राहू द्या. पाऊस उघडला तर पाणी द्या. दोन-तीन महिने हात लावू नका. गणपतीनंतर टोकाला नवी पानं फुटलेली दिसली की फांदी हलकेच ओढून बघा. घट्ट बसली असेल तर आईकडच्या बाजूने निम्मी कापा, आठ दिवसांनी पूर्ण तोडा आणि नवी कुंडी आठवडाभर सावलीत ठेवा.